प्रवाळभित्तीचा चुना

१८३६ सालच्या एप्रिल महिन्यात ‘बीगल’ हे जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी नांगरून उभे असता, त्यावरील सत्तावीस वर्षांचा निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन ओहोटीची वेळ साधून कंकणद्वीपाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेला, आणि खुल्या महासागराच्या लाटा जेथे अहोरात्र आदळत असतात अशा त्या कडेवर त्याला प्रवाळांखेरीज आणखीही काही आढळले. तेथील खडकावर दगडासारखे कठीण असे सजीव लेप चढलेले होते. ‘नलिपोरा’ या नावाने ते त्या काळी ओळखले जात, आणि ते प्राणी की वनस्पती याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३७ साली, फिलिपी या जर्मन शास्त्रज्ञाने त्या वनस्पतीच आहेत असे दाखवून दिले. लाटांचा मारा जेथे सर्वांत कठोर असतो आणि ओहोटीच्या वेळी उघडे पडल्यामुळे प्रवाळांना जेथे तग धरणे अवघड जाते, नेमक्या त्याच पट्ट्यात हे लेप वाढतात व भित्तीच्या कडेचे रक्षण करतात, ही गोष्ट डार्विनच्या नजरेतून सुटली नाही आणि १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवाळभित्तीविषयक ग्रंथात त्याने तिची साक्षेपाने नोंद केली. परंतु ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेची भित्ती वर वर वाढत राहते, हा त्या ग्रंथातील सिद्धांत इतका भव्य व मनोवेधक होता, की पुढील पन्नास-साठ वर्षे सारा वाद त्याच्याभोवतीच फिरत राहिला आणि त्या लेपांकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

तो वाद मिटवावा म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या तीन वर्षांत पॅसिफिकमधील फुनाफुटी या कंकणद्वीपावर (हे बेट आज तुवालू या राष्ट्रात मोडते) एकापाठोपाठ एक मोहिमा पाठवून खोल छिद्र पाडविले. ते १,११४ फुटांपर्यंत गेले, पण भित्तीचा तळ काही हाती लागला नाही. डार्विनच्या बाजूने निर्विवाद निकाल लागण्यास १९५२ साल उजाडावे लागले, जेव्हा एनिवेटॉक बेटावर बाराशे मीटरांहून अधिक खोलीवर ज्वालामुखीचा खडक सापडला. फुनाफुटीच्या मोहिमेचे खरे फळ मात्र निराळेच निघाले. १९०४ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा तेथील भित्ती रचणाऱ्या जीवांचा जो अनुक्रम लावण्यात आला, त्यात पहिले स्थान लिथोथॅम्नियन या लेपासारख्या वाढणाऱ्या चुनेदार शैवलाला, दुसरे हॅलिमेडा या दुसऱ्या चुनेदार शैवलाला, तिसरे फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांना, आणि चौथे प्रवाळांना मिळाले. हा अनुक्रम जगातील प्रत्येक भित्तीला लागू पडतो असे नव्हे. अनेक ठिकाणी प्रवाळांचाच वाटा निःसंशय मोठा आहे. तथापि ज्या वास्तूला आपण सरसकट प्रवाळांची म्हणतो ती उभारण्यात व मुख्यतः ती टिकविण्यात वनस्पतींचा किती मोठा हात आहे, हे त्या अहवालाने एकदाचे सिद्ध केले. आज समुद्राच्या पाण्याचे रसायन बदलत असताना या जुन्या दाखल्याला नवे महत्त्व आले आहे. कारण त्या बदलाचा पहिला व सर्वांत कडक आघात ज्यांच्यावर होतो ते प्रवाळ नसून ही शैवले आहेत, आणि भित्तीच्या भवितव्याचा विचार करताना नेमके त्यांनाच वगळण्याची आपली सवय अद्याप सुटलेली नाही.

हा बदल होतो तो असा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता; १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर अखंड मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता, आणि आता ४२० च्याही वर गेला आहे. मनुष्य दरसाल जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातील सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हा उपकार फुकटचा नाही. पाण्यात विरघळलेल्या या वायूपासून कार्बॉनिक आम्ल बनते, आम्लातून हायड्रोजनचे आयन सुटे होतात, आणि ते पाण्यातील कार्बोनेट आयनांशी संयोग पावून त्यांचे बायकार्बोनेटात रूपांतर करतात. समुद्रातील विद्राव्य कार्बनापैकी नऊ-दशांश भाग बायकार्बोनेटाच्या रूपात असतो. कार्बोनेटाचा साठा मुळातच एक-दशांशाहून कमी, आणि शंख, शिंपले, प्रवाळ यांचा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बनण्यास तोच लागतो. कॅल्शियमची समुद्राला ददात नाही. टंचाई पडते ती दुसऱ्या घटकाची.

सोरेन्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली रूढ केलेल्या मापात सांगायचे, तर पृष्ठभागावरील समुद्रजलाचा सामू, ज्याला पीएच म्हणतात, तो ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. हे पाणी आजही आम्लारिधर्मीच आहे आणि ते तसेच राहील; आम्लीकरण म्हणतात ते त्याच्या या उताराला. एक-दशांशाचा फरक पाहून तो क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल, पण हे माप घातांकी असल्यामुळे त्याचा अर्थ हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात सव्वीस ते तीस टक्क्यांची वाढ असा होतो. चुना पाण्यात साकळेल की विरघळेल हे ठरविणारा आणखी एक आकडा रसायनशास्त्रज्ञ वापरतात, त्याला संपृक्तता म्हणावे. ती एकाहून कमी झाली की पाणी चुना विरघळवू लागते. उष्ण कटिबंधातील समुद्रात अ‍ॅरागोनाइट नावाच्या चुन्याच्या स्फटिकांबाबत हा आकडा पूर्वी साडेचारच्या आसपास होता आणि आज चारच्या खाली घसरला आहे. म्हणजे एकाच्या सीमेपासून आपण पुष्कळ दूर आहोत. आणि याच कारणास्तव दीर्घकाळ असा समज होता, की प्रवाळांना कसली चिंता नाही. हा समज खोटा ठरला. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ म्हणून जी काचेची प्रचंड वास्तू बांधलेली आहे, तिच्यातील कृत्रिम समुद्रात ख्रिस लँग्डन व त्याच्या सहकाऱ्यांनी पाण्याचे रसायन हेतुपुरस्सर पालटून प्रवाळसमूहाची चुना घडविण्याची गती मोजली, तेव्हा ती गती संपृक्ततेच्या मागोमाग चढते व उतरते असे २००० साली त्यांनी दाखविले. त्याच्या आदल्याच वर्षी जोन क्लेपास हिने व तिच्या सहकाऱ्यांनी, चालू शतकाच्या मध्यापर्यंत उष्ण कटिबंधातील भित्तींच्या चुन्याच्या उत्पन्नात लक्षणीय घट येईल, असा इशारा देऊन ठेवला होता.

प्रवाळ या संकटास कसा सामोरा जातो ते पाहण्यासारखे आहे, कारण त्याची सोय इतर कित्येक जीवांपेक्षा चांगली आहे. प्रवाळाचा मृदू देह आपल्या सांगाड्यावर बसलेला असतो, आणि देहाचा सर्वांत खालचा पेशीस्तर व सांगाडा यांच्यामध्ये अत्यंत अरुंद अशी द्रवाने भरलेली पोकळी असते. चुना घडतो तो या बंदिस्त जागेत. तेथे प्रवाळाचा स्वतःचा अंमल चालतो. पेशींतील विशिष्ट प्रथिने कॅल्शियम आत आणतात आणि हायड्रोजनचे आयन बाहेर लोटतात, त्यामुळे आतल्या द्रवाचा सामू साडेआठ, कधी कधी नऊच्याही वर जातो व तेथे अ‍ॅरागोनाइट झपाट्याने साकळते. परंतु या लोटण्याला ऊर्जा लागते. ती प्रवाळाच्या पेशींत वस्ती करून राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशसंश्लेषणाच्या द्वारे पुरवितात, आणि बाहेरच्या पाण्यातच हायड्रोजनचे आयन वाढले की तेवढेच काम करण्यास अधिक ऊर्जा खर्ची पडते. ज्या प्रवाळाला अन्न मुबलक आहे, ज्याची सहचर शैवले शाबूत आहेत, त्याला हा जादा खर्च पुष्कळ अंशी सोसतो. उन्हाळ्यात पाणी तापून ती शैवले देहाबाहेर फेकली गेली, म्हणजे प्रवाळाचे विरंजन झाले, की हा खर्च भागविण्याचे साधनच नाहीसे होते. आम्लीकरण व तापमानवाढ ही दोन संकटे अलग मोजून त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही, ते याकरिता.

या हानीचा एक प्रकार विशेष फसवा आहे. पोराइटीस नावाचे गोलाकार, भरभक्कम प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात, आणि त्यांच्या सांगाड्यात वर्षागणिक थर पडत असल्यामुळे ते भूतकाळाचे दप्तरच होऊन राहिलेले असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कार्बोनेट कमी असलेल्या पाण्यात हे प्रवाळ उंचीने पूर्वीप्रमाणेच वाढतात, पण त्यांच्या सांगाड्याची घनता घटते. वरून पाहणाऱ्याला वाढ जशीच्या तशी दिसते. उणेपणा असतो तो आत, आणि वादळाच्या लाटेने किंवा खडक पोखरणाऱ्या जीवांनी त्याची परीक्षा घेईपर्यंत तो झाकलेलाच राहतो.

सांगाडा पूर्णपणे गमावूनही प्रवाळ जगू शकतो, याचाही दाखला आहे. इस्रायलमधील माओझ फाइन व डॅन चेर्नोव्ह यांनी भूमध्य समुद्रातील ऑक्युलिना व मॅड्रासिस हे दोन प्रवाळ सामू सुमारे ७.४ इतका उतरविलेल्या पाण्यात वर्षभर ठेवले. त्यांचे सांगाडे विरघळून गेले, वसाहती फुटून त्यांतील एकेक जीव, म्हणजे पॉलिप, सुटा झाला, आणि समुद्रफुलासारखे मऊ, उघडे असे ते जीव खडकाला चिकटून वाढत राहिले. पुढे त्यांना नेहमीच्या पाण्यात परत आणताच त्यांनी पुन्हा सांगाडा घडविण्यास आरंभ केला. २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात पुष्कळांना दिलासा वाटला. जातीच्या टिकून राहण्याच्या दृष्टीने तो दिलासा खराही आहे. पण ज्या भित्तीच्या आश्रयाने हजारो जातींचे मासे, खेकडे, शंख राहतात, जिच्या आडोशाने बेटावर माणसे वस्ती करून असतात, ती भित्ती उघड्या पॉलिपांनी बांधली जात नाही.

आता त्या लेपासारख्या शैवलांकडे वळू, कारण येथे विषयाचे मर्म आहे. पोरोलिथॉन ऑन्कोडिस ही त्यांतील एक सर्वत्र आढळणारी जात. भित्तीच्या लाटांकडील कडेवर, जेथे प्रवाळांच्या नाजूक शाखा टिकूच शकत नाहीत, तेथे ती थरावर थर चढवीत एक उंचसर कठडा उभारते. भित्तीवर दरसाल प्रवाळांचे तुकडे मोडतात, शंखशिंपल्यांचा चुरा पडतो, आणि हे सारे सुटे द्रव्य या शैवलांच्या लेपाखाली एकजीव होते. जुन्या किल्ल्यांच्या तटात दगडांच्या सांध्यांतील चुन्याचे जे काम, तेच येथे यांचे. पण यांचा चुना प्रवाळांच्या चुन्याहून वेगळा आहे. प्रवाळाचे अ‍ॅरागोनाइट, तर या शैवलांचे कॅल्साइट. आणि तेही साधे नव्हे, तर कॅल्शियमच्या जागी ठिकठिकाणी मॅग्नेशियम बसलेले कॅल्साइट. मॅग्नेशियमचे प्रमाण जसे वाढते तसा हा स्फटिक अधिक विद्राव्य होत जातो, आणि उष्ण कटिबंधातील या शैवलांत ते इतके असते, की समुद्रातील जीव जे चुनेदार द्रव्य घडवितात त्यांत हेच सर्वांत लवकर विरघळणारे म्हणावे लागते. त्यात भर अशी, की हा चुना पेशींच्या भिंतींतच साठतो. प्रवाळाप्रमाणे बंदिस्त पोकळीचा आसरा त्याला नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषण चालू असताना शैवल आपल्या पृष्ठभागालगतच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उचलते व तेथला सामू थोडा वर नेते, एवढाच काय तो बंदोबस्त. रात्री श्वसनामुळे त्याच्या उलट घडते.

याचा परिणाम प्रयोगांत स्पष्ट दिसून आला आहे. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात उघड्यावर ठेवलेल्या टाक्यांतून समुद्राचे पाणी खेळवून, त्यातील काही टाक्यांत चालू शतकात संभवणाऱ्या पातळीपर्यंत आम्लता वाढविण्यात आली. तेव्हा आम्ल पाण्याच्या टाक्यांतील कोऱ्या पृष्ठभागावर लेपासारख्या शैवलांनी व्यापलेले क्षेत्र ९२ टक्क्यांनी कमी भरले, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेचा कबजा चुना न घडविणाऱ्या मऊ शैवलांनी घेतला. गोट्यांसारखी मोकळी वाढणारी चुनेदार शैवले नेहमीच्या पाण्यात वजनाने वाढली, तर आम्ल पाण्यात त्यांचे होते ते वजनही घटले. त्याच प्रयोगमालेत प्रवाळांच्या चुन्याच्या उत्पन्नात आलेली घट पंधरा ते वीस टक्क्यांची होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील हेरॉन बेटावर केलेल्या प्रयोगातही पोरोलिथॉन शैवलच प्रवाळांहून अधिक हळवे ठरले. कार्बन डायऑक्साइडची सर्वांत मोठी मात्रा दिलेल्या पाण्यात त्याच्या अंगी नवा चुना चढण्याऐवजी जुनाच विरघळू लागला. हवाई व हेरॉन या दोन्ही ठिकाणचे हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर झालेल्या प्रयोगांत काही जाती अधिक चिवट निघाल्या, काही प्रयोगांत परिणाम सौम्य आला. पण एकंदर कल पालटला नाही.

या शैवलांचा आणखी एक गुण आहे, आणि तो मला त्यांच्या सांधे बुजविण्यापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो. वर्षातील ठराविक रात्री प्रवाळ आपली अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडतात. त्यांपासून झालेले डिंभ काही दिवस प्रवाहावर वाहत राहतात, आणि मग कोठे तरी कायमचे ठाण मांडण्याची वेळ येते. हा निर्णय पुन्हा फिरविता येत नाही. वाळूवर किंवा मऊ शैवलांच्या गालिच्यात जो डिंभ उतरला त्याचा नाश ठरलेला. म्हणून अनेक जातींचे डिंभ तळाशी चाचपत हिंडतात आणि लेपासारख्या शैवलांवर वा त्यांच्या लगत वस्ती करतात. त्यातही निवड असते: टिटॅनोडर्मा या पातळ लेपाच्या जातीवर उतरलेल्या बालप्रवाळांना जगण्याची संधी पुष्कळच जास्त असते, असे ग्रेट बॅरिअर रीफवरील निरीक्षणांत दिसून आले आहे. या शैवलांच्या पेशीभित्तींतील काही द्रव्ये, तसेच त्यांच्या पृष्ठभागावर राहणारे जीवाणू जी संयुगे निर्माण करतात त्यांतील काही, डिंभांना स्थिरावण्याचा संकेत देतात असे आढळले आहे. आम्लीकरणाने या संबंधावरच घाला पडतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आम्लता वाढविलेल्या पाण्यात मुरलेल्या शैवलांवर डिंभ कमी संख्येने उतरले, आणि आपल्या आवडीच्या जातीची त्यांची निवडही ढळली. म्हणजे प्रौढ प्रवाळ अद्याप भित्तीवर डौलाने उभा असेल, त्याचे विरंजनही झाले नसेल, पण त्याच्या संततीला बसायला जागा उरणार नाही. एखादे चक्रीवादळ येऊन गेले, किंवा उन्हाळा कडक निघाला, आणि जुने प्रवाळ मेले, म्हणजे ही उणीव उघडी पडते. निरोगी भित्ती दहा-पंधरा वर्षांत पुन्हा भरून येते. जिच्यावर डिंभ उतरेनासे झाले आहेत ती तशीच उजाड राहते.

फुनाफुटीच्या अनुक्रमात दुसरे आलेले हॅलिमेडा अगदीच वेगळ्या घडणीचे. हिरव्या, चपट्या, एकास एक जोडलेल्या पेरांचे हे झुडूप. त्याचा चुना प्रवाळांप्रमाणेच अ‍ॅरागोनाइटचा असून तो पेरांच्या आतील मोकळ्या जागांत सुयांच्या रूपाने साठतो. त्याची नवी पेरे रात्रीच्या काळोखात फुटतात व आरंभी पांढरी असतात. पहाटेच्या सुमारास हरितद्रव्य त्यांत शिरते आणि मगच त्यांना रंग चढतो. झुडूप मेले की पेरे गळून पडतात व पांढरी वाळू होते. उष्ण कटिबंधातील बेटांच्या ज्या किनाऱ्यांचे सौंदर्य आपण वाखाणतो त्यांच्या वाळूत या पेरांचा भरणा पुष्कळ असतो. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात, प्रवाळांच्या रांगेच्या आतल्या अंगाला, हॅलिमेडाच्या साठलेल्या पेरांचे कंकणाकार उंचवटे सहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक तळ व्यापून असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत निष्पन्न झाले.

हीच वाळू आता सर्वांत अधिक चिंतेचा विषय झाली आहे. भित्ती म्हणजे चुन्याचा एक अखंड चालणारा जमाखर्च आहे: जमेच्या बाजूस प्रवाळ, शैवले, शिंपले जो चुना घडवितात तो, आणि खर्चाच्या बाजूस पोखरणाऱ्या स्पंजांनी व सूक्ष्म शैवलांनी कुरतडलेला, माशांनी खरवडलेला, लाटांनी वाहून नेलेला व पाण्यात विरघळलेला. सजीव प्रवाळ आपल्या ऊर्जेच्या बळावर पाण्याच्या रसायनाशी काही काळ तरी झगडतो. पण मेलेल्या चुन्याच्या वाळूला असे कोणतेच साधन नाही, आणि वाळूच्या कणांमधल्या पाण्यात जीवाणूंच्या श्वसनाने आधीच आम्लता जास्त असते. ब्रॅडली आयर व त्याच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक व अटलांटिकमधील पाच प्रवाळक्षेत्रांत तळाच्या वाळूवर बंद घुमट बसवून मोजमाप केले आणि २०१८ साली आपला निष्कर्ष मांडला: समुद्राच्या आम्लतेत होणाऱ्या बदलाबाबत वाळूचे विरघळणे प्रवाळांच्या चुना घडविण्यापेक्षा सुमारे दहापट अधिक संवेदनशील आहे, आणि या शतकाच्या मध्याच्या सुमारास भित्तींवरील वाळूत साठण्यापेक्षा विरघळणे अधिक होऊ लागेल. जमाखर्चात तूट येण्यासाठी जमा शून्यावर यावी लागत नाही, ही हिशेबाची साधी गोष्ट येथे फार कठोरपणे लागू पडते.

टाकीतल्या पाण्यावरून साऱ्या सागराविषयी बोलण्यास अभ्यासक बिचकतात आणि ते योग्यच आहे; म्हणून खुल्या भित्तीवर केलेल्या प्रयोगांचे मोल मोठे. हेरॉन बेटाच्या परिसरातच वन ट्री नावाचे बेट आहे. तेथे ओहोटीला सरोवराचे पाणी बाहेरच्या समुद्राहून उंच राहते व भित्तीच्या पठारावरून एकाच दिशेने वाहत जाते. या नैसर्गिक सोयीचा लाभ घेऊन रिबेका अल्ब्राइट व केन कॅल्डेरा यांच्या गटाने बावीस दिवसांच्या प्रयोगात त्या प्रवाहात सोडियम हायड्रॉक्साइड व जोडीला एक रंगद्रव्य सोडले. रंगद्रव्याचा जिवांशी काही संबंध नसल्यामुळे, वाहत जाताना त्याच्या तुलनेत आम्लारि किती अधिक घटले यावरून भित्तीने किती चुना घडविला हे काढता येते. पाण्याचे रसायन औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या स्थितीच्या जवळ नेताच चुन्याचे उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ असा, की हानी पुढे कधी तरी होणार आहे असे नसून ती होऊन चुकली आहे. २०१६ साली हा निष्कर्ष आला. दोन वर्षांनी त्याच गटाने उलट बाजूने, पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून शतकअखेरची स्थिती निर्माण केली, तेव्हा उत्पन्न ३४ टक्क्यांनी घसरले.

निसर्गानेही असा एक प्रयोग पूर्वीपासून मांडून ठेवला आहे. पापुआ न्यू गिनीच्या मिल्न बे प्रांतात, ज्वालामुखीच्या प्रदेशात, समुद्रतळातून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे प्रवाळभित्तीमधूनच वर येत असतात, आणि तेथील पाणी मात्र भोवतालच्या पाण्याहून गरम नसते. कॅथरिना फॅब्रिशियस व तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्या जागेचे वर्णन प्रसिद्ध केले. ८.१ पासून ७.८ पर्यंत सामू उतरला तरी प्रवाळांनी व्यापलेले एकूण क्षेत्र फारसे घटत नाही, हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु त्या क्षेत्रात काय आहे हे पाहिले की चित्र पालटते: शाखायुक्त, पंख्यासारखे, मेजासारखे पसरणारे प्रवाळ मागे हटलेले, भरभक्कम पोराइटीसचा विस्तार वाढलेला, बालप्रवाळ विरळ, लेपासारखी शैवले अतिशय रोडावलेली, आणि त्यांच्या जागी समुद्रगवत व मऊ शैवले माजलेली. सामू ७.७ च्या खाली गेला की भित्तीची वाढ थांबते. मासे व कोळंब्या ज्या आडोशांत, कपारींत राहतात ते आडोसे शाखायुक्त प्रवाळांचे असतात. गोट्यांसारख्या प्रवाळांच्या माळावर त्यांची गुजराण कशी व्हावी?

आपल्या बाजूच्या समुद्राचाही येथे विचार केला पाहिजे. लक्षद्वीपची बेटे ही कंकणद्वीपेच असून तेथील जमीन म्हणजे प्रवाळ व इतर चुनेदार जीवांचा साठा आहे. समुद्राने दिलेल्या चुन्याखेरीज त्या बेटांना दुसरा पाया नाही. महाराष्ट्रात मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या जलमग्न पठारावरही त्यांची वस्ती आहे. अरबी समुद्राचे एक वैशिष्ट्य असे, की नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालच्या थरातील प्राणवायूने दरिद्री व कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वर येते. म्हणजे येथील जीवांना कमी सामूच्या पाण्याची वर्षातून काही आठवडे ओळख होतच असते. या ओळखीने त्यांना चिवटपणा आला आहे, की त्यांच्या सहनशक्तीचा शिलकी भाग आधीच खर्च झाला आहे, हे ठरविण्यासाठी वन ट्री बेटावर झाली तशी मोजणी या किनाऱ्यावर ऋतुमानानुसार व वर्षानुवर्षे व्हावयास हवी, आणि तिच्यात प्रवाळांइतकेच शैवलांकडेही लक्ष पुरविले गेले पाहिजे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आशेला जागा आहे का? २०२० साली ख्रिस्तोफर कॉर्नवॉल व त्याच्या सहकाऱ्यांनी हायड्रोलिथॉन या लेपासारख्या शैवलाच्या एका जातीविषयी महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. आम्लता वाढविलेल्या पाण्यात ही जात पिढ्यामागून पिढ्या वाढविली असता प्रथम तिच्या चुन्याच्या उत्पन्नात घट आली, परंतु सहा पिढ्यांनंतर ती घट नाहीशी झाली. हे सामर्थ्य सर्व जातींत असेल असे गृहीत धरता येत नाही. पण एका जातीत ते आहे, एवढेही थोडके नव्हे. मात्र या हिशेबाचा एकक पिढी हा आहे. भराभर पिढ्या उरकणाऱ्या लहानशा शैवलाला सहा पिढ्यांचा काळ सापडतो. भरभक्कम प्रवाळाला वयात यायलाच काही वर्षे लागतात, आणि त्याच्या सहा पिढ्या जाईपर्यंत अनेक दशके उलटतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड ३१५ वरून ४२० च्या वर जाण्यास सात दशकेही लागलेली नाहीत.